इमारत मोजणाऱ्यांनी कार्यालयही मोजावे

(लहान वास्तुविशारद व अभियंता कार्यालयांच्या व्यवस्थापनाविषयीच्या भाषणाचा मजकूर)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येणारा खर्च, दगदग आणि अनिश्चितता यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या म्हणीत साठलेला आहे. परंतु ज्यांच्या नकाशावर ते घर उभे राहते, त्या वास्तुविशारदाच्या आणि अभियंत्याच्या कार्यालयात काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी चार, सहा किंवा दहा माणसांच्या बळावर चालणारी ही कार्यालये घरे, शाळा, दवाखाने, सहकारी संस्थांच्या इमारती आणि लहान कारखाने यांची आखणी करीत असतात. त्यांचा कारभार नीट चालला तर त्याचा लाभ इमारतीत राहणाऱ्याला होतो. तो विस्कटला तर त्याची किंमतही अखेर त्यालाच मोजावी लागते. म्हणूनच या कार्यालयांचे व्यवस्थापन हा केवळ त्यांच्या मालकांच्या नफ्यातोट्याचा प्रश्न नव्हे. तो लोकहिताचाही प्रश्न आहे.

तलचिन्ह : साइटवरचे आणि कार्यालयातले

साइटवर काम सुरू होण्यापूर्वी अभियंता प्रथम पातळी घेतो. जवळपासची एखादी न हलणारी खूण पक्की करून तिच्या संदर्भाने जोत्याची, मजल्याची, गटाराच्या उताराची उंची ठरविली जाते. या खुणेला तलचिन्ह, किंवा साइटवरच्या रोजच्या बोलण्यात बेंचमार्क, असे म्हणतात. नागपूर येथे १९०७ साली उभारलेला शून्य मैलाचा स्तंभ हे अशाच सर्वेक्षणकार्याचे सर्वपरिचित स्मारक होय. तलचिन्ह नसेल तर प्रत्येक गवंडी आपापल्या नजरेने पातळी धरील आणि अखेर न्हाणीघरातले पाणी उंबऱ्याकडे वाहू लागेल.

उद्योगव्यवसायाच्या जगाने हा शब्द सर्वेक्षणाच्या शास्त्राकडूनच उचलला. जपानी कंपन्या छायाप्रती काढणारी यंत्रे एवढ्या कमी किमतीत कशी विकू शकतात, याचा शोध घेण्यासाठी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९७९ च्या सुमारास आपल्या उत्पादनखर्चाची त्यांच्याशी कलमवार तुलना केली. पुढे मालाच्या कोठारांची व्यवस्था सुधारण्यासाठी तिने एल. एल. बीन या, टपालाने मागणी घेऊन कपडे व तत्सम वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या कोठाराचा अभ्यास केला. त्या कंपनीचा यंत्रांशी काही संबंध नव्हता. पण आलेली मागणी अचूक आणि लवकर रवाना करण्याची तिची पद्धत चांगली होती. झेरॉक्समध्ये या कामात असलेल्या रॉबर्ट कॅम्प यांनी १९८९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत सर्वत्र पोहोचली. तिचे मर्म साधे आहे. आपले काम मोजावे, तेच काम इतर कोणी अधिक चांगले करीत असेल तर ते कसे करतो हे पाहावे, आणि फरकाचे कारण शोधून आपली पद्धत बदलावी.

वास्तुविशारद आणि अभियंता यांचा व्यवसाय आपल्या राज्यात नवा नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पर्यंत मागे जाते. मुंबईत १९१७ साली विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या रूपाने सुरू झालेल्या संस्थेला १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे नाव मिळाले. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाला वैधानिक अधिष्ठान दिले. भार, ऊन, वारा आणि पाऊस यांचा हिशेब करण्यात ही मंडळी तरबेज असतात. स्वतःच्या कार्यालयाचा हिशेब मात्र पुष्कळदा वर्षअखेरीस सनदी लेखापालाकडे कागद पाठविण्यापुरताच राहतो. तो हिशेब कर किती भरावा हे सांगतो. कोणत्या कामात पैसा गेला आणि का गेला, हे सांगत नाही.

एका तासाची किंमत

या व्यवसायात विकली जाणारी वस्तू म्हणजे जाणकार माणसाचा वेळ. तेव्हा पहिले मोजमाप वेळेचेच हवे. स्पष्टीकरणासाठी सहा माणसांच्या एका काल्पनिक कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. मालक वास्तुविशारद, दोन कनिष्ठ वास्तुविशारद, एक आरेखक, एक साइट पर्यवेक्षक आणि एक कार्यालय साहाय्यक, असे हे मनुष्यबळ. सुट्या आणि रजा वगळून वर्षाचे २७५ दिवस, दिवसाचे आठ तास, असे धरल्यास माणशी २,२०० आणि सर्वांचे मिळून १३,२०० तास होतात. त्यांपैकी मालकाचा निम्मा वेळ नवी कामे मिळविणे, भेटीगाठी आणि कारभार यांत जातो. चार तांत्रिक सहकाऱ्यांचा तीन-चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष कामांना लागतो. म्हणजे ज्यांचा मोबदला मागता येतो असे तास ७,७०० भरतात. एकूण तासांच्या सुमारे ५८ टक्के.

आता खर्च पाहावा. मालकाचे वेतन दरमहा ६०,००० रुपये, कनिष्ठ वास्तुविशारदांचे प्रत्येकी २८,०००, आरेखकाचे २४,०००, पर्यवेक्षकाचे २५,००० आणि साहाय्यकाचे १५,००० रुपये धरले, तर वर्षाचे वेतन २१ लाख ६० हजार होते. भाडे, वीज, संगणक व त्यांवरील प्रणाली, प्रवास, छपाई, विमा यांसाठी आणखी ८ लाख ४० हजार धरले, की एकूण खर्च ३० लाखांवर जातो. त्याला ७,७०० तासांनी भागले असता एका तासाची किंमत ३९० रुपये येते. केवळ वेतनाचा विचार केला तर तोच तास सरासरी १७० रुपयांचा दिसतो. म्हणजे कामावर खर्ची पडलेल्या वेतनाच्या प्रत्येक रुपयामागे २ रुपये ३० पैसे मिळाले, तरच कार्यालयाचा खर्च भरून निघतो; नफा त्यानंतरचा.

या हिशेबात मालकाचे वेतन धरले आहे, ही बाब मुद्दाम लक्षात घ्यावी. अनेक लहान कार्यालयांत मालक स्वतःचे वेतन मांडीतच नाही. उरेल ते आपले, असे तो मानतो. अशा रीतीने मांडलेला नफा हा पुष्कळदा नफा नसून मालकाची न मोजलेली मजुरीच असते.

तुलना प्रथम स्वतःशी

याच कार्यालयाने १,८०० चौरस फुटांच्या एका बंगल्याचे काम घेतले असे समजू या. बांधकामाचा खर्च ३६ लाख रुपये आणि मेहनताना त्याच्या ४ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. काम पुरे होईपर्यंत ४६० तास लागले. वेतनाच्या दराने, म्हणजे १७० रुपयांनी, हिशेब केला तर ७८,२०० रुपये खर्च होऊन ६५,८०० रुपये उरल्याचा भास होतो. खऱ्या किमतीने, म्हणजे ३९० रुपयांनी, तोच हिशेब केला तर खर्च १,७९,४०० रुपये होतो आणि ३५,४०० रुपयांची तूट दिसते. काम एकच, नकाशे तेच. परंतु एक आकडा मालकाला आणखी अशीच कामे घेण्यास प्रवृत्त करतो, तर दुसरा त्याला थांबवून विचार करावयास लावतो.

तूट आहे एवढे कळून भागत नाही. ती कोठे पडली हे कळावे लागते. येथे तुलनेचे खरे काम सुरू होते, आणि ती तुलना प्रथम आपल्याच जुन्या कामांशी करावयाची असते. या कार्यालयाने यापूर्वीच्या तीन सारख्या बंगल्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या असे मानल्यास चित्र पुढीलप्रमाणे दिसते. प्राथमिक आराखड्यांना पूर्वी सरासरी ७५ तास लागत, या वेळी १२० लागले. बांधकाम परवानगीच्या कागदपत्रांना ५५ ऐवजी ६०, तपशीलवार नकाशांना १३५ ऐवजी १३०, आणि साइटवरील भेटींना ८५ ऐवजी ९० तास लागले. घरमालकाने आराखडा मान्य केल्यानंतर सुचविलेल्या बदलांसाठी पूर्वी १० तास जात, या वेळी ६० गेले. पूर्वीच्या ३६० तासांवर वाढलेल्या १०० तासांपैकी ९५ तास प्राथमिक आराखडे आणि मागाहूनचे बदल या दोनच ठिकाणी गेले.

नोंद नसती तर मालकाचा पहिला संशय आरेखकाच्या संथपणावर गेला असता. नोंद सांगते की आरेखकाने उलट पाच तास वाचविले. दोष होता तो सुरुवातीला घरमालकाच्या गरजा लेखी न घेण्याचा, आणि किती पर्याय दाखवावयाचे व मान्यतेनंतरच्या बदलांचा मोबदला कसा आकारावयाचा हे करारात न लिहिण्याचा. त्यावरचा उपाय म्हणजे आरंभीची एक सविस्तर बैठक आणि करारातील दोन कलमे. तो कोणाच्या पोटावर पाय न देता अमलात येऊ शकतो.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. पूर्वीच्या पद्धतीने ३६० तासांत काम झाले असते, तरी खर्च १,४०,४०० रुपये झाला असता. म्हणजे ४ टक्के दराने कार्यालयाच्या पदरात अवघे ३,६०० रुपये पडले असते. अशा स्थितीत शेजारच्या कार्यालयाशी स्पर्धा करण्यासाठी दर ३ टक्क्यांवर आणणे म्हणजे प्रत्येक कामात तोटा पत्करणे होय. स्वतःच्या तासाची किंमत ठाऊक असलेला मालक असा दर सांगताना दहा वेळा विचार करील.

काटछाट कोठे होते?

कमी दराने घेतलेल्या कामातील तूट कोठून तरी भरून काढावीच लागते. भाडे कमी होत नाही, विजेचे बिल थांबत नाही. मग काटछाट होते ती दुसऱ्याला सहज न दिसणाऱ्या ठिकाणी. तयार नकाशा दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासून पाहावयाचा असतो. तो तसाच साइटवर जातो. स्लॅबचे काँक्रीट पडण्यापूर्वी सळ्यांची बांधणी पाहण्यासाठी करावयाची भेट टळते आणि ठेकेदाराच्या भ्रमणध्वनीवरून आलेल्या छायाचित्रावर भागविले जाते. कनिष्ठ सहकाऱ्यांचे वेतन लांबते. काम शिकून तयार झालेला माणूस दुसरीकडे जातो आणि त्याच्या जागी आलेला नवखा पुन्हा पहिल्यापासून चुका करतो. आर.सी.सी. कन्सल्टंटचे पैसे वास्तुविशारदाच्या मेहनतान्यातून द्यावयाचे असतील, तर ते सर्वांत शेवटी दिले जातात, आणि मग त्याचेही लक्ष त्या कामावरून उडते.

हे सर्व एका सहीच्या आड झाकले जाते. परंतु त्या सहीचे मोल आता वाढले आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावयाच्या ७० टक्के रकमेतून पैसे काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. सदनिका घेणाऱ्या शेकडो कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्या प्रमाणपत्रांच्या भरवशावर असते. साइटवर जावयास ज्याला वेळ परवडत नाही, त्याने असे प्रमाणपत्र कशाच्या आधारावर द्यावे? तासाची किंमत ठाऊक असणे आणि सही विश्वासार्ह असणे, यांचा संबंध असा अगदी जवळचा आहे.

येणे बाकीचे दिवस

दुसरे महत्त्वाचे मोजमाप म्हणजे बिल दिल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचे दिवस. उदाहरणातील कार्यालयाची वर्षाची बिले ३३ लाखांची असतील आणि येणे बाकी ११ लाख असेल, तर चार महिन्यांचे उत्पन्न इतरांच्या हाती अडकले आहे असा त्याचा अर्थ होतो. तेवढी रक्कम बँकेकडून १२ टक्के व्याजाने उचलावी लागली, तर वर्षाला १ लाख ३२ हजार रुपये व्याजातच जातील. शिवाय वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या कार्यालयाला सर्वसाधारणपणे बिल केल्यावर, पैसे हाती येण्यापूर्वीच, आपल्या खिशातून कर भरावा लागतो. हीच बाकी ४५ दिवसांच्या बिलांइतकी खाली आणता आली, तर ती सुमारे ४ लाखांवर येते आणि जवळजवळ ७ लाख रुपये मोकळे होतात.

४५ दिवसांचा हा आकडा मनाने ठरविलेला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उपक्रमांचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत, चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने, व्याज देय होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने याला आणखी बळ दिले. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदार व्यावसायिकाला, ती प्रत्यक्ष चुकती केली त्याच वर्षी खर्च म्हणून दाखविता येईल, अशी तरतूद आयकर कायद्यात करण्यात आली. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उपक्रमाची वार्षिक उलाढालीची मर्यादा १० कोटी रुपये व गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी रुपये करण्यात आली. त्यामुळे येथे वर्णन केलेल्या आकाराची कार्यालये या व्याख्येत सहज बसतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य असून ती काम हाती घेण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे ठरते.

अर्थात, गावातल्या ओळखीच्या माणसावर व्याजाची आकारणी करणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही, आणि त्याची गरजही क्वचितच पडते. बहुतेक थकबाकीचे मूळ घेणाऱ्याच्या संकोचात आणि देणाऱ्याच्या सवयीत असते. कामाचे टप्पे करारात लिहिणे, टप्पा पुरा होताच त्याच आठवड्यात बिल देणे आणि महिन्यातून एक दिवस केवळ येणे बाकी तपासण्यासाठी राखून ठेवणे, एवढ्या शिस्तीनेही दिवस पुष्कळ कमी होतात.

इतरांशी तुलना : रीत आणि मर्यादा

स्वतःचे आकडे हाती आले, म्हणजे इतरांशी तुलना सार्थ होते. ब्रिटनमधील वास्तुविशारदांची १८३४ साली स्थापन झालेली संस्था आणि अमेरिकेतील १८५७ सालची संस्था, या दोन्ही आपल्या सभासद कार्यालयांकडून व्यवसायविषयक माहिती गोळा करून तिचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध करीत आल्या आहेत. अमेरिकेत वापरला जाणारा ढोबळ आडाखा असा, की कामावर खर्ची पडलेल्या वेतनाच्या सुमारे तिप्पट उत्पन्न मिळाले तर कार्यालय सुस्थितीत राहते. परंतु तेथील वेतनमान, भाडी आणि कामाच्या रीती निराळ्या असल्याने तो आकडा जसाच्या तसा उचलणे म्हणजे दुसऱ्या गावच्या तलचिन्हावरून आपल्या जोत्याची उंची ठरविण्यासारखे होईल.

त्यापेक्षा एकाच जिल्ह्यातील, साधारण सारख्या आकाराच्या आठ-दहा कार्यालयांनी स्थानिक व्यावसायिक संघटनेच्या माध्यमातून एकत्र यावे. प्रत्येकाने आपले आकडे एका त्रयस्थ सनदी लेखापालाकडे द्यावेत. त्याने नावे वगळून केवळ मधला, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सर्वांना कळवावा. पाच आकडे पुरेसे आहेत. पहिला, एकूण तासांपैकी मोबदला मिळणाऱ्या तासांचे प्रमाण. दुसरा, वेतनाच्या रुपयामागे होणारा एकूण खर्च. तिसरा, ठरविलेले तास आणि लागलेले तास यांतील फरक. चौथा, येणे बाकीचे दिवस. पाचवा, नकाशे साइटवर गेल्यानंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्यांची संख्या. हा पाचवा आकडा सर्वांत मोलाचा होय. कारण पहिले चार आकडे सुधारण्याच्या नादात कामाचा दर्जा घसरत असेल, तर ते तोच प्रथम सांगतो.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावयास हवे. अशा गटात मेहनतान्याचे दर ठरविण्याविषयी चर्चा वा ठराव होता कामा नये. स्पर्धकांनी आपसांत किंमत ठरविणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाला मान्य नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेला याच स्वरूपाच्या प्रश्नांवरून तेथील न्याय विभागाशी १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये न्यायालयीन तडजोड करावी लागली होती. एकमेकांच्या पद्धती पाहून शिकावे. दर मात्र ज्याने त्याने आपल्या हिशेबावरून स्वतंत्रपणे ठरवावा.

काम देणाऱ्यांनाही या नोंदींचा उपयोग आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लासेवांची निवड केवळ कमीतकमी दरावर न करता गुणवत्ता आणि किंमत या दोहोंवर करण्याची पद्धत दिलेली आहे. गृहनिर्माण संस्था, शिक्षण संस्था आणि खाजगी घरमालक यांनीही दर विचारताना साइटवर किती भेटी होतील, नकाशे कोण तपासील आणि शंकेचे उत्तर किती दिवसांत मिळेल, हे विचारले पाहिजे. ज्या कार्यालयाकडे नोंदी आहेत, ते या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देईल.

आरंभ एका वहीपासून

या सर्वांसाठी महागडी प्रणाली किंवा सल्लागार लागत नाही. दिवसअखेरीस प्रत्येकाने, मालकासकट, कोणत्या कामाच्या कोणत्या टप्प्यावर किती तास दिले हे लिहून ठेवावे; त्याला पाच मिनिटे पुरतात. ही वही हजेरीपट नव्हे, आणि माणसांवर पाळत ठेवण्याचे साधनही नव्हे, हे मालकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले पाहिजे. तसे न केल्यास वहीत खरे तास न येता मालकाला आवडतील असे तास येऊ लागतील, आणि खोट्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी. तीन महिन्यांत पहिले ढोबळ चित्र दिसू लागते. वर्षभरात पुढच्या कामाचे अंदाजपत्रक नोंदींच्या आधारे मांडता येते.

साइटवरील अभियंता ठेकेदाराच्या मोजमापवहीतील प्रत्येक आकडा तपासल्याशिवाय बिलावर सही करीत नाही. तीच काटेकोर नजर त्याने आपल्या कार्यालयाकडे वळविली, तर तरुण सहकाऱ्यांना वेळेवर वेतन मिळेल, नकाशा दुसऱ्यांदा तपासण्यास अवधी मिळेल, आणि स्लॅब पडण्याच्या दिवशी जबाबदार माणूस साइटवर हजर राहू शकेल.